साडेअठरा टेराबाइटचे साडेआठ: नागपूरच्या एका लग्न-स्टुडिओच्या हार्ड डिस्कचे प्रकरण

महालातल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर दोन माणसांचा व्हिडिओ स्टुडिओ आहे असे धरा. लग्ने, मुंजी, बारशी ही रोजची कामे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीची गर्दी, हे दरवर्षीचे चित्रण. कपाटात ४ टेराबाइटच्या चार आणि २ टेराबाइटच्या दोन अशा सहा हार्ड डिस्क, मिळून २० टेराबाइट. त्यांतले साडेअठरा भरलेले. बहुतेक फाइलींची एकच प्रत. आणि तुळशीचे लग्न लागले की पुन्हा हंगाम सुरू.

हे प्रकरण एका विशिष्ट दुकानाचे नाही. अशा स्टुडिओंत जे साठलेले सापडते ते एका जागी आणून मांडले आहे. चित्रणाचे तास आणि कॉम्प्रेस केल्यावरचे बिटरेट (चित्र सेकंदाला किती बिट घेते तो आकडा) नमुन्यादाखल धरलेले आहेत, जागेचे आकडे त्यांवरून काढलेले आहेत. गुणाकार कुणालाही पडताळता येतील. तुमच्या चित्रणावर बिटरेट हलतील, रीत हलणार नाही.

मालकाने मागितलेली गोष्ट साधी होती: सगळे ८ टेराबाइटच्या एका डिस्कवर बसावे, म्हणजे तशीच दुसरी डिस्क घेऊन दोन प्रती ठेवता येतील. त्यासाठी त्याच्या मनात एकच उपाय होता. सगळ्या फाइली हँडब्रेक या व्हिडिओ लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकायच्या, समोर येणारा प्रीसेट (तयार सेटिंगचा संच) तसाच ठेवायचा आणि रात्रभर मशीन चालू सोडायचे. तसे केले असते तर जागा नक्की वाचली असती. पण हँडब्रेकचा नेहमीचा 'फास्ट १०८०पी३०' हा प्रीसेट फोर-के चित्राचे फुल एचडी करतो, सेकंदाला ५० फ्रेमचे चित्रण ३० वर आणतो, काळ्या कडा दिसल्या की स्वतःच कापतो आणि दोन ऑडिओ ट्रॅक असतील तर बहुधा पहिलाच घेतो. यातले काहीही चूक म्हणून समोर येत नाही. फाइल छान चालते, आणि काय गेले ते चार वर्षांनी कुणी मागितल्यावर कळते.

डिस्कवर नेमके काय आहे

पहिला दिवस फक्त मोजणीचा. मीडियाइन्फो हे फुकट मिळणारे साधन प्रत्येक प्रकारच्या एकेका फाइलवर चालवले की कोडेक (चित्र दाबण्याची पद्धत), बिटरेट, फ्रेमरेट, इंटरलेस्ड (फ्रेम ओळीआड दोन अर्ध्या फील्डमध्ये) की प्रोग्रेसिव्ह (फ्रेम सलग), ८ बिट की १० बिट आणि ऑडिओ ट्रॅक किती हे सगळे दिसते. त्यापुढे लागतो तो एकच आकडा: ०.४५. बिटरेट मेगाबिटमध्ये घ्या, ०.४५ ने गुणा, तासाला किती गिगाबाइट ते मिळाले. १०० मेगाबिटचे चित्रण म्हणजे तासाला ४५ गिगाबाइट. रेझोल्यूशन, कॅमेऱ्याची किंमत, फाइलचे एक्स्टेन्शन यांचा या हिशोबाशी संबंध नाही.

मोजणीतून निघाले ते असे:

- मिनीडीव्ही कॅसेटींवरून उतरवलेले डीव्ही: १८० तास, आवाजासकट तासाला साधारण १३ गिगाबाइट, २.३४ टेराबाइट
- एव्हीसीएचडी, १०८० इंटरलेस्ड, २४ मेगाबिट: २६० तास, २.८१ टेराबाइट
- फोर-के मूळ चित्रण, एक्सएव्हीसी एस, १०० मेगाबिट: १५० तास, ६.७५ टेराबाइट
- तयार फिल्मचे मास्टर, प्रोरेस ४२२ एचक्यू, फुल एचडी, सेकंदाला २५ फ्रेम, १८४ मेगाबिट: ४० तास, ३.३१ टेराबाइट
- मोबाइल, ड्रोन आणि गिऱ्हाइकाला दिलेल्या एमपी४ फाइली: ०.९ टेराबाइट
- एडिटिंगचा कॅश, प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती), प्रीव्ह्यू आणि दुबार प्रती: २.४ टेराबाइट

बेरीज १८.५१. विंडोज हाच आकडा १६.८ च्या आसपास दाखवते, कारण ते १०२४ च्या पटीत मोजते. ४ टेराबाइटची नवी डिस्क ३.६३ दिसते ती याच कारणाने. खोक्यावरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा एका हिशोबात मिसळला की शेवटच्या दिवशी फाइली बसत नाहीत.

आधी पुसायचे

कॉम्प्रेस करण्याआधी सहावा गट संपवायचा. एडिटिंगच्या प्रोग्रॅमांतले, म्हणजे प्रीमियरचे 'मीडिया कॅश' आणि 'व्हिडिओ प्रीव्ह्यूज', दा विंचीचे 'कॅशक्लिप' आणि प्रॉक्सीचे फोल्डर, ही सगळी पुन्हा तयार होणारी सामग्री आहे. चालू प्रोजेक्ट सोडून बाकीच्यांची ती पुसली तरी मूळ चित्रणाला धक्का लागत नाही. दुबार प्रतींच्या बाबतीत मात्र नाव बघून पुसू नये. सोनीचा कॅमेरा क्लिपना सी०००१, सी०००२ अशी नावे देतो आणि दुसऱ्या कार्डावर मोजणी पुन्हा एकपासून सुरू होऊ शकते. एकाच नावाच्या दोन फाइलींत एकात वरात आणि दुसऱ्यात सप्तपदी असे सहज असते. दोन्हींचा चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) एक आला तरच ती दुबार. या एका गटात २.४ टेराबाइट मोकळे झाले, एकही फ्रेम न गमावता.

त्यानंतर निवड. कॅमेरा चालू राहून चप्पल-बुटांचे निघालेले चित्रण, फोकस नसलेले तुकडे, टेस्ट शॉट, रिकाम्या स्टेजची दहा-दहा मिनिटे. फोर-केच्या जुन्या चित्रणातून असे २५ तास आणि एव्हीसीएचडीतून ६० तास निघाले: १.१३ आणि ०.६५ टेराबाइट. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते माणसानेच करावे लागते. निवडीत एक मर्यादा पाळली: माणूस बोलताना दिसतो ती क्लिप कितीही वाईट असो, ठेवायची. स्टुडिओला वर्षांनंतर येणारे फोन फिल्मसाठी क्वचितच असतात. "भाऊ, आजी गेली आमची. लग्नात बोलली होती ना ते, थे क्लिप भेटन काय?" असे ते फोन असतात. ती क्लिप तयार फिल्ममध्ये नसते, ती मूळ चित्रणातच असते.

लांब क्लिपमधला थोडाच भाग हवा असेल तर लॉसलेसकटसारख्या साधनाने पुन्हा एन्कोड न करता कापता येते. काप की-फ्रेमवरच (स्वतःपुरती पूर्ण साठवलेली फ्रेम) पडतो, म्हणून हव्या जागेच्या एखादा सेकंद आधी काप घ्यावा. नाहीतर सुरुवातीला चित्र गोठलेले किंवा तुटलेले दिसते.

झिप किंवा रार करून पाहायचा मोह इथेच संपवून टाकू. व्हिडिओच्या फाइलीत एकसारखेपणा आधीच पिळून काढलेला असतो. झिपला उरतो तो एखादा टक्का, आणि वर फाइल उघडायला आणखी एक पायरी.

प्रोरेस मास्टर: सर्वांत मोठा नफा इथे

प्रोरेस हे एडिटिंगसाठीचे कोडेक. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवते, म्हणून कापायला हलके आणि साठवायला जड. तयार झालेली, गिऱ्हाइकाने पास केलेली फिल्म त्यात ठेवायचे कारण उरत नाही. एच.२६५ (एच.२६४ च्या पुढचे, जास्त दाबणारे कोडेक), १० बिट, आरएफ १८ वर (आरएफ हा दर्जाचा आकडा, त्याबद्दल पुढे) यातल्या बहुतेक फिल्म सरासरी २० मेगाबिटच्या आसपास बसतील असे धरले, म्हणजे तासाला ९ गिगाबाइट. ४० तासांचे ३.३१ टेराबाइट ०.३६ वर आले. पुढे फिल्ममधून छोटी रील कापायची झाली तर या फाइलीतूनही ती चांगली निघते.

१० बिट का, तर प्रोरेस ४२२ मुळात १० बिट आहे. ८ बिटमध्ये उतरवले की संध्याकाळचे आकाश, स्टेजमागचा एलईडी पडदा, धुरातला प्रकाश यांत पट्टे उमटतात. ते एकदा उमटले की परत जात नाहीत.

चूक होते ती आवाजात. अशा मास्टरमध्ये अनेकदा दोन ट्रॅक असतात: एक संगीतासकट, दुसरा फक्त मूळ आवाजाचा. गाण्याच्या हक्कामुळे ऑनलाइन फिल्म अडली की दुसरा ट्रॅकच कामाला येतो. हँडब्रेकच्या ऑडिओ टॅबमध्ये 'अ‍ॅड ऑल ट्रॅक्स' करून दोन्ही घ्यावे लागतात. आवाजाची बचत करण्यात फारसा अर्थ नाही. न दाबलेला १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ दीड मेगाबिटचा, तासाला ०.७ गिगाबाइट. एएसी ३२० किलोबिट ठेवले तरी १८४ मेगाबिटच्या चित्रापुढे ते काहीच नाही. आवाज घासून जागा वाचवू पाहणारा माणूस चुकीच्या टोकाला बसला आहे.

फोर-के: अक्षता, एलईडी आणि मारबत

चालू वर्षाचे ३० तास तसेच ठेवले. गिऱ्हाइकाचे बदल अजून येऊ शकतात, आणि मूळ फाइलीची जागा घेणारी फाइल कितीही चांगली असली तरी ती दुसरी पिढी असते. त्याचे १.३५ टेराबाइट. निवडीनंतर उरले ९५ तास, ४.२८ टेराबाइट. खरा निर्णय यांचा.

इथे दोन रस्ते असतात. पहिला, सरासरी बिटरेट ठरवून देणे: प्रत्येक फाइल ३० मेगाबिट. डिस्कचा हिशोब आधीच पक्का होतो म्हणून हा रस्ता आवडतो. पण लग्नातले चित्र सारखे नसते. मंगलाष्टके चालू असताना अंतरपाट स्थिर, माणसे स्थिर, ट्रायपॉडवरचा कॅमेरा स्थिर. एन्कोडरला सांगण्यासारखे काही नसते. मग 'शुभमंगल सावधान' होते आणि एका क्षणात पडदाभर अक्षता उडतात. तांदळाचा प्रत्येक दाणा स्वतंत्र दिशेला, आधीच्या फ्रेमवरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. एन्कोडरसाठी लग्नातला सर्वांत महाग क्षण हाच, आणि घरच्यांसाठीही हाच. बिटरेटला वरून झाकण लावले की नेमके इथे चौकोन फुटतात, नवरीचा चेहरा मेणासारखा होतो.

दुसरा रस्ता स्थिर दर्जाचा. हँडब्रेकमध्ये तो आरएफ, एफएफएमपेग या आज्ञा लिहून चालवायच्या साधनात सीआरएफ. आकडा जितका लहान तितका दर्जा वर आणि फाइल मोठी. साधारण नियम असा की आकडा ६ ने वाढवला की फाइल जवळपास अर्धी होते. एन्कोडर स्थिर अंतरपाटावर बिट वाचवतो आणि अक्षतांवर खर्च करतो. डिस्कचा एकूण आकडा आधी नेमका कळत नाही, म्हणून आधी नमुना काढावा लागतो. एक सावधगिरी: एच.२६४ आणि एच.२६५ चे आरएफ एकमेकांशी जुळत नाहीत. एक्स२६४ चा मूळ आकडा २३ आणि एक्स२६५ चा २८. एकाचा अंक दुसऱ्याला लावून तुलना करू नये.

नमुन्यासाठी एकेका मिनिटाचे चार तुकडे घेतले: मांडवातला स्थिर शॉट, अक्षता, रात्रीचे संगीत जिथे एलईडीची भिंत आणि धूर आहे, आणि मारबत. चौघांवर आरएफ १८, २०, २२, २४. कोडेक एच.२६५ १० बिट, प्रीसेट मीडियम. मूळ चित्रण ८ बिट असूनही १० बिट निवडले, कारण एन्कोडरचा आतला हिशोब बारीक होतो आणि पट्टे वाढत नाहीत. फाइल त्याने विशेष फुगत नाही.

पाहायचे कसे, तर मोठ्या पडद्यावर, नेहमीच्या वेगाने एकदा आणि मग फ्रेम थांबवून. थांबवलेल्या फ्रेममध्ये पैठणीच्या पदराची जर, हळदीच्या चेहऱ्यावरची कातडीची पोत, काळ्या कोटाच्या घड्या आणि एलईडीवरचा रंगउतार या चार जागा बघाव्यात. काळ्या कोटाच्या घड्या सर्वांत आधी जातात, आणि तिकडे बहुतेकांचे लक्ष नसते. आकड्यांत तुलना हवी असेल तर व्हीमॅफ हे मोजमाप एफएफएमपेगमधून काढता येते. पण सरासरी गुण चांगले असूनही अक्षतांचे दोन सेकंद बिघडलेले असू शकतात, म्हणून सरासरीबरोबर सर्वांत खालचा गुणही बघावा.

या प्रकरणात आरएफ २० वर थांबलो. २२ वर संगीताच्या शॉटमध्ये धुराच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात असे धरले, आणि एकाच लग्नाच्या क्लिपना दोन सेटिंग लावणे म्हणजे पुढे गोंधळ. लग्नांचे ८० तास सरासरी २८ मेगाबिट धरून तासाला १२.६ गिगाबाइट, १.०१ टेराबाइट.

मारबत वेगळी निघाली. पिवळी आणि काळी मारबत, बडग्यांचे पुतळे, अरुंद रस्त्यात खांद्याला खांदा लावून हलणारी गर्दी, उडणारी धूळ, हातातला कॅमेरा. पडद्याचा कुठलाही कोपरा स्थिर नाही. त्याच आरएफ २० वर ते ५० मेगाबिटच्या आसपास जाते असे धरले. मूळ १०० मेगाबिटची फाइल निम्मीच होते. इथे घाबरून आरएफ २६ करणारे खूप. तसे करू नये. जास्त बिट मागणारे चित्र आहे म्हणून एन्कोडर ते मागतो आहे. मारबत आणि दीक्षाभूमी मिळून १५ तास, तासाला २२.५ गिगाबाइट, ०.३४ टेराबाइट. शहराच्या नोंदीसाठी एवढी जागा जास्त नाही.

रात्रीच्या चित्रणातला नॉइज हा बिट खाणारा आणखी एक चोर. आयएसओ वर ढकलून काढलेल्या वरातीत प्रत्येक फ्रेमचा दाणा नवा असतो आणि एन्कोडर तो इमानदारीने जपतो. हलका डीनॉइज लावला तर फाइल बरीच उतरते. हँडब्रेकमध्ये एनएलमीन्स, 'अल्ट्रालाइट' किंवा 'लाइट', त्यापुढे नको. त्यापुढे गेले की दाण्याबरोबर दाढी आणि जरही जाते. वेळही खूप लागतो. इथे तो फक्त वरातींच्या क्लिपना लावायचा ठरला.

एस-लॉगमध्ये (नंतर रंग दुरुस्त करण्यासाठीची सोनीची फिकट पद्धत) काढलेल्या क्लिप वेगळ्या काढाव्यात. त्या फिकट दिसतात म्हणून कमी दर्जा चालेल असे वाटते. प्रत्यक्षात रंग दुरुस्त करताना कॉन्ट्रास्ट ताणला जातो आणि दडलेले चौकोन वर येतात. त्यांना आरएफ १८.

ग्राफिक्स कार्डाच्या एन्कोडरने हेच काम कितीतरी लवकर होते. पण तेवढ्याच दर्जाला फाइल मोठी होते, आणि कायमच्या साठवणीत वेग एकदाच वाचतो, जागा रोज लागते. गिऱ्हाइकाला तातडीने दाखवायच्या प्रतीसाठी ते योग्य.

जे हलवायचे नाही

एव्हीसीएचडी हे आधीच एच.२६४ आहे, आणि वरून इंटरलेस्ड. ते कॉम्प्रेस करायचे तर आधी डीइंटरलेस करावे, म्हणजे अर्ध्या फील्डच्या पूर्ण फ्रेम कराव्या लागतात. बीडब्ल्यूडिफ फिल्टरने सेकंदाला ५० फ्रेम काढणे हीच बरी रीत. २५ काढल्या तर अर्धी हालचाल गेली. निवडीनंतरचे २०० तास, २.१६ टेराबाइट. १० मेगाबिटवर आणले तर ०.९ होतील, म्हणजे वाचतील १.२६. पण डीइंटरलेस एकदा फाइलीत भिनले की परत फिरता येत नाही, आणि ही तंत्रे दर काही वर्षांनी सुधारत आहेत. आमचे मत: हात लावू नये.

एव्हीसीएचडीचे फोल्डर कॉपी करताना फक्त एमटीएस फाइली उचलण्याची सवय मोडावी. कॅमेरा लांब चित्रण २ किंवा ४ गिगाबाइटच्या तुकड्यांत तोडतो, आणि ते कसे जोडायचे हे बाकीच्या फाइलींत असते. तुकडे एकेकटे एन्कोड केले तर जोडावर आवाज क्षणभर तुटतो. सनईत तो तुटका क्षण लगेच कानाला लागतो.

डीव्हीबद्दल मोह जास्त, कारण १८० तासांचे २.३४ टेराबाइट एच.२६४ मध्ये पाचव्या हिश्श्यावर येऊ शकतात. पण कॅसेटी जुन्या झाल्या, त्या वाचणारे चालू कॅमेरे आणि फायरवायरचे पोर्ट दुर्मिळ झाले. उतरवलेली फाइल हीच आता मूळ. दर्जा अजिबात न घालवणारे, म्हणजे लॉसलेस, एफएफव्ही१ कोडेक करावे म्हटले तर ते डीव्हीपेक्षा मोठे निघते, कारण डीव्ही स्वतःच दाबलेले असते आणि उलगडून पुन्हा लॉसलेस बांधल्यावर ते फुगते. म्हणून डीव्ही तसेच. बघायला देण्यासाठी वेगळी छोटी एमपी४ काढावी. ती काढताना लक्षात ठेवायचे की डीव्हीत खालची फील्ड आधी येते आणि एव्हीसीएचडीत वरची. उलटे लावले की हालचाल पुढे-मागे थरथरते.

मोबाइलच्या क्लिप आधीच घट्ट बांधलेल्या असतात, पुन्हा एन्कोड केल्या तर दर्जा जातो आणि जागा फारशी मिळत नाही. त्यांचा फ्रेमरेटही बदलता असतो. एडिटिंगसाठी घ्यायच्या झाल्या तर स्थिर फ्रेमरेट करून घ्याव्यात, नाहीतर क्लिपच्या शेवटी ओठ आणि आवाज वेगळे होतात.

रांग, रात्र आणि लाइट

सेकंदाला २५ फ्रेम धरून ९५ तासांच्या फोर-केत ८५.५ लाख फ्रेम आहेत. मशीन सेकंदाला १२ फ्रेम करते असे धरले तर १९८ तास लागतात. रात्री दहा तास चालवले तर वीस रात्री. 'स्लो' प्रीसेटवर वेग सहावर आला तर चाळीस रात्री, आणि त्या बदल्यात मिळणारी बचत थोडी, म्हणून मीडियम. या कामात डिस्क जवळपास बसून असते. निम्म्या वेगाने १०० मेगाबिट वाचणे म्हणजे सेकंदाला ६ मेगाबाइट. घाम प्रोसेसरला फुटतो. महाग यूएसबी केबल किंवा एसएसडी घेऊन ही रांग लवकर संपत नाही.

काम भाद्रपद-आश्विनात धरले. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना सलग दहा तास पूर्ण भार दिला की प्रोसेसर तापून आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि शेजारच्या हार्ड डिस्कही तापतात. डिस्कचे तापमान ५० अंशांखाली ठेवावे. क्रिस्टलडिस्कइन्फोत ते दिसते. उन्हाळ्यात करावेच लागले तर कूलरच्या थेट झोतात मशीन ठेवू नये. कूलरची ओली हवा आणि पाण्यातले क्षार पंख्यांवर व बोर्डावर बसतात. उघड्या बाह्य डिस्क एकावर एक रचू नयेत, मध्ये दोन बोटे अंतर ठेवावे.

लाइट जाण्याचा संबंध थेट फाइलीच्या प्रकाराशी आहे. एमपी४ ची अनुक्रमणिका साधारणपणे शेवटी लिहिली जाते. तीन तासांची फाइल ९८ टक्क्यांवर असताना वीज गेली तर उरते ती न उघडणारी फाइल. एमकेव्ही अशा वेळी जिथवर लिहिली तिथवर उघडते. म्हणून एन्कोड एमकेव्हीत केले आणि नंतर पुन्हा एन्कोड न करता फक्त डबा (फाइलचा बाहेरचा साचा) बदलून एमपी४ केले. त्याला फाइलमागे मिनिट-दोन मिनिटे. अ‍ॅपलच्या उपकरणांवर चालावे म्हणून एच.२६५ ला 'एचव्हीसी१' हा टॅग द्यावा लागतो, तो याच वेळी द्यावा. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याचे बटण 'यूपीएस मोड'वर हवे. साध्या मोडमध्ये बदलायला लागणाऱ्या क्षणात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

फाइलींची नावे रांगेत टाकण्याआधी बदलली: वर्ष, महिना, कार्यक्रम, कॅमेरा, कार्ड, मग मूळ क्लिप क्रमांक. तसे न करता सगळ्यांचे आउटपुट एका फोल्डरमध्ये टाकले तर दुसऱ्या कार्डाची सी०००१ पहिल्या कार्डाच्या सी०००१ वर लिहिली जाते. चित्रणाची तारीखही नव्या फाइलीत एन्कोडची तारीख म्हणून येते, त्यामुळे खरी तारीख नावातच असलेली बरी.

हँडब्रेकमध्ये शेवटी एकदा तपासायचे: रेझोल्यूशन मूळ, क्रॉपिंग बंद, फ्रेमरेट 'सेम अ‍ॅज सोर्स', सगळे ऑडिओ ट्रॅक. हे स्वतःचा प्रीसेट म्हणून जतन करावे, रोज रात्री हाताने लावू नये.

पडताळणी

रोज सकाळी रात्रीच्या फाइली तपासल्या. मूळ आणि नव्या फाइलीची लांबी फ्रेममध्ये जुळते का. एफएफएमपेगने संपूर्ण फाइल एकदा वाचून, आउटपुट कुठेही न लिहिता, त्रुटी येते का. मग डोळ्यांनी तीन जागा: पहिले दहा सेकंद, मधला कुठलातरी भाग आणि शेवटचे दहा सेकंद. शेवटचे का, तर आवाज घसरत गेला असेल तर तो शेवटी सर्वांत जास्त घसरलेला असतो. उभ्या मोबाइल क्लिप आडव्या झाल्या नाहीत ना, हेही.

नंतर प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम काढून यादी दोन्ही डिस्कवर ठेवली. ८.४६ टेराबाइट सेकंदाला १५० मेगाबाइटने कॉपी व्हायला सोळा तास लागतात, आणि दुसऱ्या डिस्कवरून चेकसम पुन्हा वाचायला आणखी तेवढेच. लहान आकाराच्या, एसएमआर पद्धतीच्या (माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) बाह्य डिस्कवर सलग लिहिताना वेग काही वेळाने कोसळतो. डिस्क बिघडलेली नसते, ती आत रचना लावत असते. दोन्ही प्रती जुळल्या तरी मूळ फाइली पंधरा दिवस पुसल्या नाहीत. त्या काळात जुन्या गिऱ्हाइकांच्या दोन-तीन फिल्म नव्या फाइलींतून खरोखर एडिटिंगला घेऊन पाहिल्या.

आठ की दहा

बेरीज अशी झाली: डीव्ही २.३४, एव्हीसीएचडी २.१६, फोर-के २.७०, मास्टर ०.३६, मोबाइल आणि इतर ०.९. एकूण ८.४६ टेराबाइट. वाचलेल्या दहापैकी चार टेराबाइटच्या वर नुसत्या पुसण्यातून आले, उरलेले सहाच्या आतले कॉम्प्रेस करण्यातून.

मालकाच्या ८ टेराबाइटच्या डिस्कवर हे बसत नाही. बसवायचे तर एव्हीसीएचडी डीइंटरलेस करून १.२६ वाचवावे लागतील, किंवा फोर-केचा आरएफ २४ करावा लागेल. दोन्ही करू नये असा सल्ला दिला आणि १० टेराबाइटच्या दोन डिस्क घ्यायला सांगितले. डिस्कचा आकार पुढच्या वर्षी बदलता येतो, पुसलेले चित्र परत येत नाही. दीड टेराबाइट मोकळे राहिले, तेही हवेच. काठोकाठ भरलेल्या डिस्कवर फाइली तुकड्यांत लिहिल्या जातात आणि दुरुस्तीला जागा उरत नाही.

दोन्ही डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केल्या, कारण स्टुडिओत फक्त विंडोज आहे. एक महालात, दुसरी मानेवाड्याच्या घरी, वरच्या मजल्यावर, जमिनीपासून उंच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरचे सामान वाचवायला अनेकांना वेळ मिळाला नाही. दोन्ही प्रती एका कपाटात ठेवल्या तर त्या एकच प्रत आहेत.

रिकाम्या झालेल्या सहा डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघितली. ज्यांत 'रीअ‍ॅलोकेटेड' किंवा 'पेंडिंग सेक्टर'चा आकडा शून्याच्या वर होता त्या बाजूला काढल्या. बाकीच्या चालू हंगामाच्या कार्ड-उतरवणीसाठी, प्रत्येक लग्न एकाच वेळी दोन डिस्कवर. सहा महिन्यांनी, होळीच्या सुमारास, दोन्ही मोठ्या डिस्क जोडून चेकसमची यादी पुन्हा एकदा चालवायची, अशी चिठ्ठी डिस्कच्या खोक्यावरच चिकटवली.